रोजच्या हजार बैठका: बर्फावरचा यागर समजून घेताना

२६ मे १९९२, पिट्सबर्ग. स्टॅनले कपच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या बर्फावरच्या हॉकी लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीचा पहिला सामना. शिकागो ब्लॅकहॉक्स एके काळी ४-१ ने पुढे होते, आता ४-३ ने पुढे आहेत आणि खेळ संपायला पाच मिनिटंही उरलेली नाहीत. उजव्या कडेला, बर्फाभोवतीच्या कठड्याजवळ, म्हणजे बोर्डाजवळ, मानेवर केसांचा झुपका रुळणारा वीस वर्षांचा एक पोरगा पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती, घेतो. समोर शिकागोचा एक खेळाडू येतो, तो त्याला चुकवतो. दुसरा येतो, त्यालाही. मग बोर्डाजवळची जागा सोडून तो थेट मधे घुसतो, बचावाच्या गर्दीतून वाट काढतो आणि स्टिकच्या उलट्या बाजूने पक गोलकीपर एड बेलफोरच्या पलीकडे सरकवतो. ४-४. शेवटची तेरा सेकंदं उरलेली असताना मारिओ लेम्यू पाचवा गोल करतो आणि सामना पिट्सबर्ग जिंकतं.

त्या पोराचं नाव यारोमिर यागर. जन्म १५ फेब्रुवारी १९७२, गाव क्लाद्नो, तेव्हाचा चेकोस्लोव्हाकिया. हा मुलगा २०२४-२५ च्या हंगामातही, म्हणजे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, व्यावसायिक हॉकी खेळत होता. पहिल्या हंगामापासून मोजले तर सदतीस हंगाम.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदान आणि ध्यानचंद डोळ्यांपुढे येतात, त्यामुळे बर्फावरच्या हॉकीची आकडेवारी वाचूनही फारसा बोध होत नाही. ‘१९२१ गुण’ म्हणजे जास्त की कमी? विंगर म्हणजे नेमका कोण? आणि ज्या खेळात रोज धडका बसतात, त्यात एखादा माणूस पन्नाशी ओलांडून टिकतो कसा? मला यागरची कारकीर्द या प्रश्नांमधून सांगायची आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: त्याचं खरं कसब वेगात नव्हतं, नेमबाजीतही नव्हतं. पक एकदा त्याच्याकडे आला की कोणाला तो काढून घेता यायचा नाही. बाकी सगळं त्यातून आलं.

आधी खेळ समजून घेऊ. बर्फावर एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण असतात: एक गोलकीपर, दोन बचावपटू आणि तिघांची आघाडीची फळी. फळीत मधला तो सेंटर, दोन बाजूंचे दोघे विंगर. प्रत्येक संघाकडे अशा चार फळ्या असतात, आणि त्या आळीपाळीने बर्फावर उतरतात. एका खेपेला साधारण पाऊण मिनिट. कबड्डीत चढाईला तीस सेकंद मिळतात, त्याहून थोडं जास्त म्हणा. तेवढ्यात जीव खाऊन पळायचं आणि बेंचवर परतायचं. खेळ थांबत नाही, खेळाडू चालू खेळातच बदलतात. साठ मिनिटांच्या सामन्यात नावाजलेला विंगरही वीस मिनिटांच्या आसपासच बर्फावर असतो.

सेंटरचं काम मधे राहून खेळ चालवायचं. तो बचावालाही मागे जातो, पकची सुरुवातीची झुंजही तोच घेतो. विंगरची हद्द कडेची. बोर्डाला लागून पक वर न्यायचा, कोपऱ्यात अडकलेला पक झगडून सोडवायचा, आणि संधी मिळाली की आत घुसून गोलवर मारायचा. कोपऱ्यातलं हे झगडणं टीव्हीवर फारसं नजरेत भरत नाही, पण विंगरची निम्मी कमाई तिथेच होते.

गुणांचा हिशोब सोपा आहे. गोल केला की एक गुण. त्या गोलआधी ज्यांनी पक पुरवला अशा जास्तीत जास्त दोघांना प्रत्येकी एक गुण, त्याला असिस्ट म्हणतात. यागरच्या नावावर एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या लीगमध्ये, १७३३ सामन्यांत ७६६ गोल आणि ११५५ असिस्ट आहेत. बेरीज १९२१. ही लीगच्या इतिहासातली दुसऱ्या क्रमांकाची संख्या. पहिला वेन ग्रेट्स्की, २८५७ वर. ग्रेट्स्कीचे नुसते असिस्टच १९६३ आहेत, यागरच्या एकूण गुणांपेक्षा जास्त. त्यामुळे या यादीत दुसरा येणारा माणूस हा ‘बाकी सगळ्यांमध्ये पहिला’ असतो, असं समजायला हरकत नाही. ग्रेट्स्की सेंटर होता, यागर विंगर. कडेने खेळणाऱ्याला इतके गुण मिळणं अवघड असतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

आता त्या कसबाकडे येतो.

यागर स्टिक डावीकडे धरतो, म्हणजे स्टिकचं पातं त्याच्या शरीराच्या डाव्या अंगाला असतं. पण खेळतो उजव्या कडेला. ही ‘उलटी’ बाजू झाली. तिचा फायदा असा की उजव्या कडेने वर जाताना पातं आपोआप रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, मध्याकडे राहतं आणि गोलवर मारायला चांगला कोन मिळतो. तोटाही त्यातच आहे: बचावपटू मधूनच येतो, म्हणजे पक सरळ त्याच्या पुढ्यात. यागरने यावर जो उपाय काढला, तो पाहिल्याशिवाय पटत नाही. बचावपटू अंगावर आला की तो पक पात्याच्या मागच्या बाजूने बोर्डाकडे, म्हणजे उजवीकडे न्यायचा, गुडघे वाकवून बूड खाली घ्यायचा आणि कंबर, पाठ आणि डावी मांडी बचावपटूच्या अंगावर टेकवायचा. कधी कधी स्टिक एकाच हातात, लांब धरलेली. उंची सहा फूट तीन इंच, वजन शंभर किलोच्या पुढे आणि स्टिकही इतरांपेक्षा लांब. बचावपटूने ढकललं तर त्या ढकलण्याचाच आधार घेऊन तो पुढे सरकायचा. त्याला वळसा घालून पुढून पक काढायला गेलं की तो तेवढ्यात उलटा वळून मोकळ्या जागेत पोहोचलेला असायचा.

हे सगळं मांड्यांवर चालतं. आणि मांड्या आल्या क्लाद्नोजवळच्या घरच्या शेतावरून. लहानपणी यागर रोज हजार बैठका मारायचा. आपल्याकडे तालमीत जोर-बैठकांशिवाय मल्ल घडत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याला यातलं मर्म वेगळं सांगायला नको. बर्फावर स्केट घालून उभं राहणं म्हणजे सतत अर्धी बैठक मारलेलीच असते. ज्याची मांडी शेवटच्या दहा मिनिटांतही थरथरत नाही, त्याच्याकडून पक हिसकावणं कठीण.

क्लाद्नो हे प्रागच्या वायव्येला, साधारण २५ किलोमीटरवरचं कोळसा आणि पोलादाचं गाव. पोल्दी पोलाद कारखान्यावर गाव वाढलं, हॉकीचा संघही कारखान्याच्याच छायेत वाढला. यागर घराण्याची शेती साम्यवादी सरकारने काढून घेतली होती. आजोबांनी, त्यांचंही नाव यारोमिर, विरोध केला आणि ते तुरुंगात गेले. १९६८ साली त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी, २० ऑगस्टच्या रात्री, सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले आणि अलेक्सांडर दुब्चेक यांनी सुरू केलेला मोकळेपणाचा प्रयोग, ज्याला प्रागचा वसंत म्हणतात, चिरडला गेला. यागरच्या पाठीवरचा ६८ हा आकडा तिथून आला.

हॉकीचा आणि त्या जखमेचा संबंध चेक माणसाच्या मनात फार जुना आहे. आक्रमणाला सात महिने झाले असताना, मार्च १९६९ मध्ये, स्टॉकहोमच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाला दोनदा हरवलं, आधी २-० आणि मग ४-३. काही खेळाडूंनी जर्सीवरचा लाल तारा चिकटपट्टीने झाकला होता. २८ मार्चच्या दुसऱ्या विजयानंतर देशभर लोक रस्त्यावर उतरले. प्रागच्या वेन्सेस्लास चौकातलं सोव्हिएत विमान कंपनी एरोफ्लोतचं कार्यालय फोडलं गेलं. त्याचंच निमित्त करून पुढच्या महिन्यात दुब्चेक यांना पक्षाच्या प्रमुखपदावरून काढलं. एका हॉकी सामन्यानंतर देशाचा नेता बदलला, इतका हा खेळ तिथे जिव्हाळ्याचा आणि इतका जोखमीचा होता. अशा घरात वाढलेला यागर शाळेत असताना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचा फोटो वहीत ठेवायचा. त्या काळच्या शाळेत ही साधी गोष्ट नव्हती.

सोळाव्या वर्षी तो क्लाद्नोच्या मोठ्यांच्या संघात आला. अमेरिकेत जाऊन खेळायचं तर तरुण खेळाडूला तोवर एकच रस्ता होता: पळून जायचं. १९८० मध्ये पेतर आणि अंतोन हे श्त्यास्तनी बंधू ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमधून निसटून कॅनडात गेले. १९८४ मध्ये पेत्र स्वोबोदा हा अठरा वर्षांचा बचावपटू पश्चिम जर्मनीतल्या स्पर्धेतून परतलाच नाही. जानेवारी १९८९ मध्ये कॅलगरीला कुमारांच्या स्पर्धेसाठी आलेला सतरा वर्षांचा पेत्र नेद्वेदही तिथेच राहिला. पळून जाणं म्हणजे आई-वडिलांची भेट पुन्हा कधी होईल याची खात्री नाही.

नोव्हेंबर १९८९ मध्ये हे बदललं. १५ नोव्हेंबरला कराचीत सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने पहिल्या कसोटीसाठी मैदानावर पाऊल ठेवलं, आणि दोनच दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, प्रागमध्ये विद्यार्थ्यांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्यातून उसळलेल्या आंदोलनात सहा आठवड्यांत राजवट कोसळली आणि वर्ष संपायच्या आत नाटककार वात्स्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. सचिन आणि यागर एकाच पिढीचे. यागर फक्त सव्वा वर्षाने मोठा. मला तरी यागरची वर्षं लक्षात ठेवायला सचिनचा मोठा उपयोग होतो.

१६ जून १९९० रोजी व्हँकुव्हरमध्ये एनएचएलची खेळाडू-निवड झाली. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. आयपीएलच्या लिलावाशी तिची गल्लत करू नये. इथे पैशाची बोली लागत नाही. मागच्या हंगामात जे संघ खाली राहिले त्यांना कोवळ्या खेळाडूंमधून आधी निवडायची संधी मिळते, आणि निवडलेल्या खेळाडूवर त्या संघाचा हक्क राहतो. नेद्वेद दुसरा निवडला गेला. पाचव्या क्रमांकावर पिट्सबर्ग पेंग्विन्सने यागरचं नाव घेतलं. पळून न जाता, आपल्या पासपोर्टवर ड्राफ्टला हजर राहिलेला तो पहिला चेकोस्लोव्हाक खेळाडू होता.

अठरा वर्षांचं पोर, इंग्रजीचा गंध नाही, पिट्सबर्गमध्ये एकटं. पहिले काही महिने त्याला घरची ओढ इतकी सतावत होती की संघाने डिसेंबरमध्ये कॅलगरीकडून यिर्झी हर्दिना या अनुभवी चेक खेळाडूला आणलं. बर्फावर हर्दिनाचा उपयोग होताच. पण बोलायला आपल्या भाषेतलं कोणीतरी मिळालं, हा उपयोग त्याहून मोठा होता. परगावी हॉस्टेलवर राहिलेल्या कोणालाही हे समजेल. पहिल्या हंगामात यागरने ५७ गुण मिळवले आणि मे १९९१ मध्ये मिनेसोटाला हरवून पिट्सबर्गने स्टॅनले कप जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा. वीस वर्षं पुरी होऊन तीन-साडेतीन महिने झाले होते आणि घरात दोन कप.

त्या संघाचा राजा लेम्यू होता. यागर त्याच्या सावलीत शिकला. १९९५-९६ मध्ये लेम्यू १६१ गुणांवर पहिला आणि यागर १४९ वर दुसरा. ६२ गोल आणि ८७ असिस्ट. उजव्या विंगरने एका हंगामात इतके गुण कधीच केले नव्हते, आणि अजूनही कोणी केलेले नाहीत.

पण माझ्या मते त्याची खरी थोरवी या हंगामात नाही, नंतरच्या वर्षांत आहे. तिथे आकडे उतरतात आणि म्हणूनच वाचणारा फसतो.

झालं असं. रिंकवर दोन निळ्या रेषा असतात आणि त्या बर्फाचे तीन भाग करतात. आक्रमण करणाऱ्या संघातल्या कोणीही पकच्या आधी पुढची निळी रेषा ओलांडायची नाही, हा ऑफसाइडचा नियम. नव्वदच्या दशकात काही संघांनी मधल्या भागातच भिंत उभी करायचं तंत्र बसवलं. न्यू जर्सी डेव्हिल्स १९९५ मध्ये त्याच जोरावर कप जिंकले. प्रतिस्पर्धी पक घेऊन मधल्या भागात आला की चार-पाच जण वाटा अडवून उभे, पकवाल्याला कडेला ढकलायचं आणि तिथे दाबून धरायचं. त्यात भर म्हणजे पंच ढिले होते. कमरेला स्टिक अडकवून ओढणं, हाताने धरून ठेवणं याकडे सर्रास काणाडोळा व्हायचा. १९९५-९६ मध्ये एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी सव्वासहाच्या आसपास गोल होत होते. दोनच वर्षांत ते सव्वापाचच्या आसपास आले. वेगवान, नाजूक खेळाडूंचे गुण धडाधड घसरले.

यागरचे तितके घसरले नाहीत. कारण त्याचा खेळ मुळात अंगावर कोणीतरी लटकलेलं असतानाच चालायचा. १९९७-९८ मध्ये लीगमध्ये शंभरी गाठणारा तो एकटा, १०२ गुण. १९९८-९९ मध्ये १२७, आणि दुसरा आलेला तेमू सेलॅने १०७ वर. वीस गुणांचं अंतर! १९९९-२००० मध्ये दुखापतींमुळे ६३ सामनेच खेळला, तरी ९६ गुणांवर पहिला. २०००-०१ मध्ये १२१. सर्वाधिक गुणांचा आर्ट रॉस करंडक सलग चार वर्षं त्याच्याकडे. १९९५ चा धरला तर पाच. ९६ हा आकडा नुसता पाहिला तर १४९ पुढे फिका वाटतो. पण सहा महिने पाऊस न पडलेल्या रानात ज्याने पीक काढलं त्याचं उत्पन्न, बागायतदाराच्या मापाने मोजायचं नसतं.

त्याच काळातला एक सामना सांगायलाच हवा. पिट्सबर्ग संघ तेव्हा दिवाळखोरीत होता. मे १९९९, सात सामन्यांच्या पहिल्या फेरीत समोर त्याच न्यू जर्सीचा संघ. यागरच्या जांघेचा स्नायू दुखावलेला. सहाव्या सामन्यात पिट्सबर्ग हरलं तर हंगाम संपला. शेवटची सव्वादोन मिनिटं उरलेली असताना यागरने बरोबरीचा गोल केला आणि जादा वेळेत विजयाचाही त्यानेच केला. सातवा सामनाही पिट्सबर्गने जिंकला. घरच्या मैदानावरचा प्रत्येक जादा सामना म्हणजे तिकिटांचे पैसे, आणि तेव्हा संघाला ते श्वासाइतके लागत होते. त्याच वर्षी लेम्यूने आपल्या थकलेल्या पगाराचं भांडवलात रूपांतर करून संघ विकत घेतला आणि संघ पिट्सबर्गमध्येच राहिला.

मधल्या काळात नागानो झालं. १९९८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये एनएचएलने पहिल्यांदाच आपले खेळाडू पाठवले, त्यामुळे जगातले सगळे बडे एकाच स्पर्धेत होते. चेक संघाने उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेला ४-१ ने हरवलं. उपांत्य फेरीत कॅनडाशी १-१ बरोबरी, मग एकेकाने गोलकीपरसमोर जाऊन मारायची शूटआउट. रॉबर्ट रायखेलचा पक आत गेला. यागरचा गोलच्या खांबावर आपटला. पण चेक गोलकीपर दोमिनिक हाशेकने कॅनडाचे पाचही जण रोखले. २२ फेब्रुवारीला अंतिम सामना होता रशियाशी. शेवटच्या सत्रात एकच गोल झाला, आणि तो केला पेत्र स्वोबोदाने. तोच, जो १९८४ मध्ये पश्चिम जर्मनीतून परतला नव्हता. १-०. ज्याने देश सोडला होता त्याच्या गोलवर देशाने सुवर्णपदक जिंकलं, त्याच बर्फावर पाठीवर ६८ घेतलेला यागर होता, आणि समोर रशिया. प्रागच्या जुन्या शहराच्या चौकात जमलेली गर्दी ‘हाशेक ना ह्राद’ म्हणजे ‘हाशेकला किल्ल्यावर बसवा’ अशा घोषणा देत होती. चेक राष्ट्राध्यक्ष प्रागच्या किल्ल्यातून कारभार पाहतात. खूप खेळ पाहिले, पण एका गोलमध्ये इतका इतिहास साठलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

२००५ मध्ये व्हिएन्नाला आणि २०१० मध्ये जर्मनीत विश्वविजेतेपदही आलं. ऑलिम्पिक सुवर्ण, विश्वविजेतेपद आणि स्टॅनले कप हे तिन्ही मिळवणारे खेळाडू मोजके असतात. यागर त्यांच्यात आहे.

पुढची वर्षं भराभर सांगतो. २००१ मध्ये पैशाच्या ओढाताणीतून पिट्सबर्गने त्याला वॉशिंग्टनकडे दिलं, बदल्यात तीन तरुण खेळाडू घेतले, आणि ते तिघेही फार पुढे गेले नाहीत. वॉशिंग्टनने त्याला सात वर्षांसाठी ७ कोटी ७० लाख डॉलरचा करार दिला, तेव्हाचा लीगमधला सगळ्यात मोठा. तिथे मात्र जमलं नाही. जानेवारी २००४ मध्ये तो न्यूयॉर्क रेंजर्समध्ये गेला. मग मालक आणि खेळाडू यांच्यातल्या पगाराच्या वादात २००४-०५ चा अख्खा हंगाम रद्द झाला. परतल्यावर पंचांना धरपकड कडकपणे रोखायला सांगितलं गेलं, आणि चौतिसाव्या वर्षी यागरने ५४ गोल, १२३ गुण केले. हे दोन्ही आकडे रेंजर्सच्या इतिहासातले एका हंगामाचे विक्रम. आर्ट रॉस दोन गुणांनी हुकला, सर्वाधिक गोलांचा करंडकही दोन गोलांनी.

२००८ मध्ये तो सायबेरियातल्या ओम्स्कला गेला आणि तिथल्या आवांगार्द संघाकडून तीन हंगाम खेळला. १३ ऑक्टोबर २००८ ला चेखोव्ह गावातल्या सामन्यात त्याच्याच फळीतला एकोणीस वर्षांचा अलेक्सेई चेरेपानोव्ह बेंचवर त्याच्या शेजारी बसलेला असतानाच कोसळला आणि वाचला नाही. हृदयाचा आजार होता. तो प्रसंग यागर कधी विसरला असेल असं वाटत नाही.

इथे एक हिशोब करून पाहण्यासारखा आहे. १९९४-९५ मध्ये अशाच वादात ८४ ऐवजी ४८ सामने झाले, २०१२-१३ मध्ये ८२ ऐवजी ४८. त्यात २००४-०५ चा रद्द हंगाम आणि ओम्स्कचे तीन हंगाम मिळवले तर एनएचएलचे सुमारे चारशे सामने यागरच्या वाट्याला आलेच नाहीत. त्याची एकूण सरासरी सामन्यामागे एका गुणाहून थोडी जास्त आहे. वयाचा विचार करून ती बरीच खाली धरली तरी बेरीज बावीसशेच्या पुढे जाते. ग्रेट्स्की तरीही हाती लागत नाही. पण १९२१ हा आकडा वाचताना मागे ही रिकामी पानं आहेत, हे माहीत असलेलं बरं.

२०११ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तो एनएचएलमध्ये परतला. फिलाडेल्फिया, डॅलस, बोस्टन, न्यू जर्सी, फ्लोरिडा, कॅलगरी. आधीचे तीन धरून एकूण नऊ संघ झाले. वेग केव्हाच गेला होता. पण कमरेचं आणि पाठीचं ते तंत्र वेगावर उभं नव्हतंच, म्हणून ते टिकलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिनने वानखेडेवर निरोप घेतला, त्या हंगामात एक्केचाळीस वर्षांचा यागर ६७ गुणांसह न्यू जर्सी संघात पहिला होता. फ्लोरिडात २०१५-१६ मध्ये २७ गोल, ६६ गुण. मधेच त्याने चव्वेचाळीस वर्षं पूर्ण केली. रात्री उशिरा, सगळे गेल्यावर, वजनाचं जाकीट अंगावर चढवून तो रिकाम्या रिंकवर एकटा सराव करायचा. त्या हजार बैठका कधी संपल्याच नव्हत्या. २२ डिसेंबर २०१६ ला त्याने मार्क मेसियरचे १८८७ गुण मागे टाकले आणि दुसरा क्रमांक घेतला.

जानेवारी २०१८ मध्ये कॅलगरीतून तो क्लाद्नोला गेला, आणि इथून पुढचा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. पोल्दीचा डोलारा नव्वदच्या दशकातच कोसळला होता. गावाचा संघ, रितीर्झी म्हणजे नाइट्स, आता यागरचा स्वतःचा होता. जिवापाड जपलेला आणि पैशाने कायम ओढगस्तीचा. यागर खेळायचा म्हणून प्रायोजक यायचे आणि स्टेडियम भरायचं, हे त्याने लपवलेलं नाही. एप्रिल २०१९ मध्ये वरच्या लीगमध्ये परतण्यासाठीच्या सामन्यात क्लाद्नोने चेस्के बुद्येयोवित्सेला ४-२ ने हरवलं. चारही गोल यागरचे. वय सत्तेचाळीस. पुढच्याच वर्षी संघ पुन्हा खाली घसरला, २०२१ मध्ये पुन्हा वर चढला, आणि मालक जर्सी घालून बेंचवर बसतच राहिला.

१८ फेब्रुवारी २०२४ ला पिट्सबर्गने ६८ नंबर निवृत्त केला, म्हणजे तो आता त्या संघात कोणालाही मिळणार नाही. सामन्याआधीच्या सरावाला सगळे खेळाडू ६८ ची जर्सी घालून, मानेवर रुळणाऱ्या केसांचे टोप लावून बर्फावर आले, आणि तीनच दिवसांपूर्वी बावन्न वर्षांचा झालेला यागर स्केट बांधून त्यांच्यात उतरला. खेळातून बाहेर पडून तीन वर्षं झाल्याशिवाय टोरांटोतल्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये खेळाडूची निवड होत नाही. तो मात्र समारंभ आटोपून क्लाद्नोला परत गेला. पुढच्या हंगामाच्या सामन्यांतही उजव्या कडेला, बोर्डाजवळ, बूड खाली आणि पाठ बचावपटूकडे करून तो पक राखत उभा होता.